सतरा सोडून

मस्जिद बंदरला, खोबऱ्याच्या गोदामावर,
तिसऱ्या मजल्यावर छेडांचं क्लिअरिंगचं ऑफिस.
चौदा कॉम्प्युटर, दोन प्रिंटर,
आणि तारकरबाईंची लाल पुठ्ठ्याची वही,
जिच्यात प्रत्येक यंत्राचा पत्ता लिहिलेला.
पेन्सिलने. कारण माणसं सोडून जातात, बाई म्हणाल्या,
आणि खोडरबर माझ्याकडे असतो.

सोमवारपासून दोन यंत्रं एकाच पत्त्यावर भांडत होती,
शेवटचा आकडा तेवीस.
एक चालू झालं की दुसरं मुकं.
गोदीत कंटेनर उभा, भाडं चढतंय,
आणि इथे दोघांचाही दावा, मीच तेवीस.
वहीत बघितलं : तेवीस दोनदा.
बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं,
तरी दोनदाच.

मी म्हटलं, वही मिटू या. आता राउटर पत्ते वाटेल.
यंत्र जागं झालं की सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारेल,
कोणी आहे का?
राउटर म्हणेल, आहे. एकोणचाळीस रिकामा आहे, चालेल?
चालेल, द्या.
दिला.
एवढ्यावर व्यवहार संपला. डिपॉझिट नाही, दलाल नाही,
शाकाहारी का, हेही कोणी विचारत नाही.

'किती दिवसांसाठी?'
आठ तास. निम्मी मुदत सरली
की यंत्र आपणहून विचारतं, राहू का अजून?
'आणि नाही म्हणाला तर?'
सहसा म्हणत नाही, मी म्हटलं,
आणि 'सहसा' जरा हळू म्हटलं,
कारण भांडुपच्या माझ्या खोलीचा अकरा महिन्यांचा करार
दहाव्यात होता, आणि मालकीणबाई
दोन आठवडे फोन उचलत नव्हत्या.

दहा ते साठ, एवढे पत्ते वाटायला काढले.
प्रिंटर दोन्ही कायमचे : त्यांच्या पाठीवर
कारखान्यातूनच आलेला बारा अक्षरांचा क्रमांक
टॉर्च धरून, गुडघ्यांवर बसून उतरवून घेतला.
ऑफिसात पागडीवाले तेवढे ते दोघेच.

मग बाईंनी वहीवर बोट ठेवलं.
'सतरा कोणाला जायला नको.'
सतरासमोरची ओळ कोरी होती,
पण कागद तिथे इतका झिजलेला
की खालच्या पानावरची अक्षरं वर यायला बघत होती.
मी विचारलं नाही.
राउटरमध्ये वगळलेल्या पत्त्यांसाठी जागा असते,
कारणासाठी रकाना नसतो.

गुरुवारी पुन्हा फोन. निम्मं ऑफिस बंद.
शेठच्या भाच्याने, धवलने, मोबाइलला रेंज मिळावी म्हणून
घरचा राउटर आणून भिंतीत खोचला होता,
तोही बिचारा सवयीने पत्ते वाटत सुटलेला.
एका जागेचे दोन मालक,
आणि जो आधी 'आहे' म्हणेल त्याचं भाडेकरू.
मी त्याची वायर काढली. धवल म्हणाला, सॉरी बॉस.

कोपऱ्यातलं एक यंत्र तरीही बाहेरच.
टेबलाखाली बघितलं तर
खोबऱ्यामागे आलेल्या उंदराने वायर कुरतडलेली.
रात्रभर ते विचारत राहिलं असणार, कोणी आहे का.
उत्तर आलं नाही की यंत्र थोडा वेळ थांबतं
आणि स्वतःच स्वतःला एक पत्ता लावून घेतं,
एकशे एकोणसत्तरने सुरू होणारा.
त्यावरून कुठे जाता येत नाही,
पण विचारलं तर सांगायला असतो.

नवी वायर टाकून हात धुऊन आलो, तर वही उघडी.
राउटरची आजची यादी बाई उतरवून घेत होत्या.
'तुमचं ते बंद पडलं तर?'
ओळी बदलल्या होत्या. सोळानंतर थेट अठरा.

शेवटच्या पानावर माझं नाव लिहिलं, घरत, हेमंत.
मोबाइल नंबर लिहिला.
'आणि राहायला?'
भांडुपचा सांगितला,
मार्चपर्यंतचा.